सांबऱ्याच्या तेरा मात्रा

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी खाली चार माग होते आणि वर आम्ही. रात्रपाळी असली की जमिनीला कान न लावताही उशीतून खटाक्-खट, खटाक्-खट यायचं. पुण्याहून आत्या यायची. ती दुसऱ्या दिवशीच डोळे चोळत विचारायची, "तुम्ही झोपता तरी कसे रे ह्यात?" आम्हाला प्रश्नच कळायचा नाही. आमची झोप उडायची ती खंडेनवमीला. त्या दिवशी मागांना हळदकुंकू, झेंडू लागायचा, लाइट बंद आणि गल्लीभर शांतता. त्या रात्री मी आढ्याकडं बघत पडून राहायचो.

चारही माग एकाच वेगानं चालत नसत. एकाचा पट्टा नवा, दुसऱ्याचा घासलेला, तिसऱ्यावर जाड सूत. समजा, एक माग मिनिटाला ११० फेरे टाकतो आणि शेजारचा ११२. दोघांचे ठोके आधी चिकटून पडतात, मग हळूहळू फाटत जातात. ऐन मध्यावर एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोब्बर पोटात येतो आणि दोन मागांचा मिळून एकच दुप्पट वेगाचा माग झाल्यासारखं वाटतं. मग परत जवळ येत येत अर्ध्या मिनिटानं दोघं एकत्र आपटतात. हे कागदावर मला बऱ्याच उशिरा कळलं. पोरवयात मी नुसता पडल्या पडल्या वाट बघायचो. आता मिळणार, आता मिळणार, मिळाले! पुढचं मिळणं ऐकायला जागं राहिलोय असं मात्र क्वचितच झालं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेली पंचवीसेक वर्षं मी जे ऐकतो ते ऐकून घरचे, ऑफिसातले आणि टिळकवाडीतले सगळे मित्र एकच विचारतात: हे तुला आवडायला लागलं कसं? प्रोग्रेसिव्ह रॉक आणि त्याच्याच पोटातून निघालेलं मेटल. वीस वीस मिनिटांची गाणी, सातात, नवात, तेरात चालणारे ठेके, मध्येच सगळं बंद पडून फक्त बासरी. मी म्हणतो, मला ते आवडायला लागलंच नाही, मला ते ओळखू आलं.

ओळख करून दिली आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं. मेडिकलला शिकायला बेळगावात लांबलांबून पोरं येतात, त्यातला एक. त्याच्याकडं पुस्तकं कमी आणि कॅसेटी जास्त. एका कॅसेटवर निळ्या पेनानं फक्त 'रेड' लिहिलेलं होतं. किंग क्रिम्झनचा १९७४चा अल्बम. बँडमध्ये तेव्हा उरले होते तिघंच: गिटारवर रॉबर्ट फ्रिप, बास आणि गाणं जॉन वेटनचं, ड्रम्सवर बिल ब्रूफर्ड. अल्बम बाजारात येण्याआधीच फ्रिपनं बँड मोडून टाकला होता.

त्या अल्बमचं शेवटचं गाणं 'स्टारलेस'. बारा मिनिटांचं. सुरुवातीला मेलोट्रॉन, म्हणजे पट्टी दाबली की आत व्हायोलिनांची टेप फिरायला लागते असं एक वाद्य. त्यावर संध्याकाळच्या उजेडासारखी चाल. वेटन थकल्या आवाजात गातो. चारेक मिनिटांनी गाणं संपलंसं वाटतं, आणि खालून बास सुरू होतो तेरा मात्रांचा. त्याच्यावर फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. मग किंचित वरचा. मग आणखी किंचित वरचा. ड्रम्स नाहीत म्हणावे इतके कमी, मग हळूहळू जास्त. हे चार-साडेचार मिनिटं चालतं, आणि ह्या चार मिनिटांत काहीही 'घडत' नाही. पण माझे तळहात ओले झाले होते. खाली रात्रपाळी चालू होती, वर टेप चालू होता, आणि मला तीच जुनी ओढ लागली होती: आता मिळणार, आता मिळणार. मग ते फुटतं, सगळे धावत सुटतात, आणि धावता धावता ती पहिली संध्याकाळची चाल सॅक्सोफोनवर परत येते. भाडेकरू म्हणाला, "वन्स मोअर?" मी मान हलवली.

तिथून मला मोजायचा नाद लागला. कॉलेजातली दोन वर्षं मी फक्त मोजत होतो. वहीच्या मागच्या पानांवर गाण्यांची नावं आणि पुढं आकडे. ५, ७, ७+६, ९. जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'मधला नवाचा ठेका सापडला त्या दिवशी मी गोवावेसपासून घरापर्यंत सायकल नवाच्या ठेक्यात मारली. पायडलं दोन असल्यामुळं नऊ मोजताना दर खेपेला पाय बदलतो, हे कुणी करून बघावं.

ह्या नादात सापडलेलं सगळ्यात गोड गाणं रश ह्या बँडचं, 'वायवायझेड', १९८१च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मधलं. वायवायझेड हा टोरांटोच्या विमानतळाचा कोड. रश त्याच गावचे. ती तीन अक्षरं मोर्स कोडमध्ये लिहिली की जो ठेका निघतो त्यानंच गाणं सुरू होतं. मोर्समध्ये लांब आणि आखूड अशा दोनच खुणा. इथं माझ्या डोक्यात शाळेतले मराठीचे सर उभे राहिले. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक! 'वाय' म्हणजे गुरू लघू गुरू गुरू, सात मात्रा. परत 'वाय', सात. 'झेड' म्हणजे गुरू गुरू लघू लघू, सहा. सात, सात, सहा मिळून वीस. टेप लावून बोटं आपटली, तंतोतंत. वृत्तं पाठ करून पोटात दुखायचं त्या वयात कुणी हे गाणं ऐकवलं असतं तर शार्दूलविक्रीडित जन्मात चुकलं नसतं.

मग साहजिकच मी आमचा विमानतळ काढला. सांबऱ्याचा कोड आयएक्सजी. 'आय' म्हणजे लघू लघू, दोन. 'एक्स' गुरू लघू लघू गुरू, सहा. 'जी' गुरू गुरू लघू, पाच. दोन, सहा, पाच.

तेरा.

मी तीनदा तपासलं. 'स्टारलेस'चे तेरा आणि सांबऱ्याचे तेरा. योगायोग आहे, मला कळतं, मी उद्यमबागेत एका कारखान्याचे हिशेब बघतो, आकड्यांना आकडे जुळतात म्हणून कुणी नफ्यात येत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत. तरीही सांबरा रोडनं जाताना आजही माझी बोटं स्टिअरिंगवर दोन-सहा-पाच वाजवतात.

मोजण्याच्या ह्या खेळातलं टूल ह्या बँडचं 'लॅटरलस' हे गाणं बरेच जण पुढं करतात. २००१चा अल्बम, त्याच नावाचं गाणं. कडव्यातल्या ओळींची अक्षरं फिबोनाचीच्या आकड्यांनी (दर आकडा आधीच्या दोघांची बेरीज) वाढतात: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, आणि परत खाली पाच, तीन. वर नऊ, आठ, सात असे ठेके, आणि ९८७ हा आकडाही त्याच मालिकेतला. पाश्चात्त्य श्रोते ह्यावर जाम खूश असतात. असू देत. पण हे आकडे आमच्याकडं आधी आले ते कवितेच्या मात्रा मोजतानाच. चार मात्रांची जागा गुरू-लघूंनी किती प्रकारे भरता येते? पाच. पाच मात्रांची? आठ. सहाची तेरा. (हो, परत तेरा, मी काही करू शकत नाही.) गुजरातच्या हेमचंद्र ह्या जैन आचार्यांनी बाराव्या शतकात हे मांडलं. फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं. आमच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ची. त्या बस्तीच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून बघताना मला नेहमी 'लॅटरलस' आठवतं, आणि 'लॅटरलस' ऐकताना कमळ. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी तबलाही शिकलाय, त्यामुळं त्याला ही गोष्ट कुणीतरी सांगितली असणार अशी माझी समजूत आहे. नसेल तर मी सांगायला तयार आहे.

पण 'लॅटरलस' मला आवडतं ते त्या आकड्यांमुळं नव्हे. पहिले शंभर वेळा ऐकलं तेव्हा मला आकड्यांचा पत्ताच नव्हता, आणि तेव्हाच ते जास्त आवडायचं. इथं माझं घोडं अडलं. वही भरत गेली तसं ऐकणं आटत गेलं. गाणं लागलं की मी हिशेबाला बसल्यासारखा पुढं सरसावायचो. संपलं की आकडा हातात, चाल गायब.

ते ज्या गाण्यानं तोंडावर आपटून दाखवलं ते ड्रीम थिएटरचं 'द डान्स ऑफ इटर्निटी'. १९९९च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'मधलं. सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा ठेका बदलतो. मी तीन रविवार घालवले. खाली आप्पा जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) हाका मारतायत, आई जेवायला हाका मारते, आणि मी टेप मागं-पुढं करतोय. तिसऱ्या रविवारी वही मिटली आणि कबूल केलं की ह्या गाण्यात मला मिळण्याची वाट बघायला कुणी ठेवलेलंच नाही. इथं दर तीन-चार सेकंदांनी नवा माग चालू होतो आणि जुना बंद पडतो. अशा कारखान्यात कापड निघत नाही.

ड्रीम थिएटरवाल्यांनी रागावू नये. १९९२चा 'इमेजेस अँड वर्ड्स' मी आजही वर्षातून चार वेळा तरी लावतो, आणि त्यातल्या 'लर्निंग टू लिव्ह'चा शेवट आला की दार लावून घेतो. 'सीन्स'ची गोष्टही काही वाईट नाही. निकोलसला संमोहनात १९२८ सालचा आपला मागचा जन्म दिसतो, त्या जन्मी तो व्हिक्टोरिया नावाची मुलगी असतो, खून झालेला असतो. अमेरिकेतल्या पोरांना ह्यानं केवढा धक्का बसला म्हणे. आम्ही चित्रा टॉकीजच्या वयापासून पुनर्जन्मावर पोसलेले. दुसऱ्या गाण्यातच खुनी कोण ते मी भाडेकरूला सांगितलं होतं. चुकलं, पण सांगितलं होतं.

येस ह्या बँडचं 'क्लोज टू द एज' हे माझ्या लेखी ह्या सगळ्या पसाऱ्यातलं सगळ्यात मोठं काम. १९७२, एका अल्बमात तीनच गाणी, पहिलं अठरा मिनिटांच्या वर. पाण्याच्या खळखळाटानं आणि पक्ष्यांनी सुरू होतं, त्यानंच संपतं. मी ते खरं ऐकलं ते चोर्ल्याच्या वाटेवर, जुलैत. जांबोटी सुटली, बसच्या खिडक्यांना ताडपत्र्यांचे पडदे, आत ओल्या छत्र्यांचा वास, कंडक्टर कन्नडात कुणाशी तरी सुट्या पैशावरून भांडतोय. वॉकमनमध्ये पाणी वाजायला लागलं आणि मला बाहेरचं पाणी कुठलं, टेपवरचं कुठलं कळेना. मग सगळी वाद्यं एकदम अंगावर आली, जो तो आपल्या वाटेनं पळतोय असं वाटावं अशी. पण दर थोड्या वेळानं सगळे एका स्वरावर 'आऽ' करून थबकतात. मिळाले! मध्यावर सगळं शांत होतं आणि चर्चमधला ऑर्गन उघडतो. रिक वेकमननं तो लंडनच्या एका खऱ्या चर्चमध्ये जाऊन वाजवलाय. कणकुंबीच्या धुक्यात बस थांबलेली असताना तो ऑर्गन ऐकला आणि घाट उतरून गोव्यात कामाला जायचं होतं ते काम मी विसरलो. काम आठवतं, कमिशनचे पैसे आणायचे होते. किती आणले ते आठवत नाही.

आणि त्या सबंध अठरा मिनिटांत मी एकदाही मोजलं नव्हतं. नंतर कळलं, तिथले ड्रम्स ब्रूफर्डचेच. हा अल्बम संपवून तो किंग क्रिम्झनला जाऊन मिळाला आणि दोन वर्षांनी 'स्टारलेस'. म्हणजे माझ्या आयुष्यातल्या दोन्ही रात्रपाळ्यांना माणूस एकच.

तेव्हापासून माझी कसोटी साधी आहे. गाणं चालू असताना मोजायचं सुचलं तर गाणं कच्चं. माग स्वतः कुठं मोजतो?

ह्या कसोटीवर बरेच मोठमोठे आडवे होतात. येसचाच पुढचा अल्बम घ्या, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', १९७३. गायक जॉन अँडरसनला टोकियोतल्या हॉटेलात परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप सापडली. तळटीप! त्यात श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र असे शास्त्रांचे चार प्रकार सांगितलेत. झालं, चार शास्त्रांची चार गाणी, चार बाजू, दोन तबकड्या, ऐंशी मिनिटं. आमच्या गल्लीत एवढं पुराण लावलं तर मध्ये निदान सुंठवडा तरी फिरवतात. वेकमनलाही तसंच काहीसं वाटलं असावं. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्यानं वाजवता वाजवता स्टेजवरच करी-भात खाल्ला, आणि तो दौरा झाल्यावर बँड सोडला. ह्या अल्बमची बाजू घेणारे लोक आहेत. चौथी बाजू, जिथं सगळे ढोलावर तुटून पडतात, ती मलाही आवडते. पण तिथपर्यंत पोहोचायला तीन बाजू ओलांडाव्या लागतात, आणि त्यात मी दोनदा झोपलोय. मागाच्या आवाजात झोपणं वेगळं आणि हे वेगळं.

पिंक फ्लॉइडवर मी काही बोलत नाही, बोलणारे भरपूर आहेत. जेथ्रो टलचं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' सगळं मिळून एकच गाणं, १९७२चं, दोन्ही बाजू भरून, आणि तरी हलकं. टूलनं २००६नंतर पुढचा अल्बम द्यायला तेरा वर्षं लावली (मी गप्प बसतो), आणि तो फार लांबला असं माझं मत आहे.

ओपेथवर मात्र थांबतो. स्वीडनचा बँड, २००१चा 'ब्लॅकवॉटर पार्क'. मिकाएल ओकरफेल्टच्या एकाच गळ्यातून दोन आवाज निघतात. एक गुहेतून येणारी गुरगुर, दुसरा अंगाई गाणाऱ्या माणसाचा. गुरगुर सुरू झाली की लोक हात कानावर ठेवतात. आईनं एकदा स्वयंपाकघरातून येऊन विचारलं होतं, "काय ऐकूलैस रे हे? त्याला घसा दुखत नसंल काय?" आणि थोड्या वेळानं, "मीठ-पाण्याच्या गुळण्या कर म्हणावं त्याला."

लोकांची तक्रार असते की गुरगुरीत शब्द कळत नाहीत. मला ही तक्रार कधी पोचलीच नाही. आम्ही बेळगावची माणसं अर्धं न कळता ऐकण्यात मुरलेली. घरात मराठी, गल्लीच्या टोकाच्या मठात कन्नड वचनं, अलीकडं अरबीतली अझान, मागावर कामाला येणाऱ्या मावश्या दोन्ही भाषा एकाच वाक्यात विणणाऱ्या. बसवण्णांची वचनं मी लहानपणी अर्थाविना नुसती ऐकून पाठ केली. अर्थ पुढं केव्हातरी कन्नड वाचता यायला लागल्यावर एकेक उलगडला, आणि उलगडला म्हणून ते वचन जास्त आवडायला लागलं असं काही झालं नाही. इथं भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मला ह्या लेखात शिरायचं नाही. एवढंच म्हणतो, की कानाला पाटी लागत नाही.

२००८च्या 'वॉटरशेड'नंतर ओकरफेल्टनं अल्बमांतून गुरगुर सोडली. 'हेरिटेज' आला, मला तो बेचव लागला, जेवण आहे पण ठेचा नाही. सोळा वर्षांनी, २०२४च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ती परत आली. त्यात पाहुणा कोण, तर जेथ्रो टलचा इयन अँडरसन, बासरीसकट. पहिली गुरगुर ऐकली तेव्हा मी कपिलेश्वर उड्डाणपुलावर होतो, गाडी बाजूला घेता येईना, एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं बघितलं.

आईला हे सांगायला ती आता नाही.

मागही नाहीत. सुताचा भाव, मजुरी, सुरतेचा माल, आणि मग कोरोनातले रिकामे महिने. चारातले दोन आधी गेले, उरलेले दोन नंतर, किलोच्या भावानं. तराजूवर बिडाचे तुकडे चढताना आप्पा आत जाऊन बसले होते. मी शेवटच्या दिवशी दोन्ही माग चालू करून मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवलं. फाइल आहे. लावली तर नुसता कर्कश पत्रा वाजतो, मोबाइलला खालचे आवाज पकडता येत नाहीत. जमीन हलायची ते त्यात कुठंच नाही.

आप्पांचे कान मागांनी खाल्लेत. बारीक आवाज त्यांना येत नाहीत, कुकरची शिट्टी नाही, नातीचं "आज्जा" नाही. जाड आवाज येतात, आणि त्याहून जास्त अंगाला कळतात. खालच्या रिकाम्या शेडमध्ये मी आता माझे स्पीकर ठेवलेत. मागांच्या पायांचे बोल्ट फरशीत अजून तसेच आहेत, अंधारात पायाला लागतात.

परवा तिथं मेशुगा लावला होता. हे पण स्वीडनचेच. २००८चा 'ऑबझेन', त्यातलं 'ब्लीड'. वर झांज शांतपणे चारात चाललेली, खाली गिटार आणि पायातले ड्रम्स भलत्याच लांबीचा तुकडा घेऊन गरगरतायत. तुकडा चाराच्या बाहेर सरकत जातो, सरकत जातो, आणि मग एका ठिकाणी दोघं एकत्र आपटतात. ड्रमर टोमास हाकेचे पाय हे कसं करतात ते मला माहीत नाही, आणि मी मोजायला गेलो नाही.

मागं बघितलं तर दारात आप्पा. काठी भिंतीला टेकवून त्यांनी तळहात दाराच्या चौकटीवर सपाट ठेवला होता. पूर्वी मागाला काही झालं की असाच हात ठेवायचे, जॉबर यायच्या आधी. डोळे मिटलेले. गाणं संपेपर्यंत उभे होते, सात मिनिटं. मग म्हणाले,

"आज रातपाळीला कोण हाय?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "स्वीडनची माणसं हाईत, आप्पा."

त्यांनी जरा विचार केला.

"मग पगार दांडगा आसणार की."